देवमाशाची झूल

सगळा हॉल हसत होता. पडद्यावर माझा देवमासा होता. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग. मागून कोणीतरी म्हणालं, "राव, ह्याला वेशीत कधी आणायचा? वाजंत्री सांगून ठिवतो." मग जे हसत नव्हते तेही हसले.

कार्यक्रम माझ्या नातीचा होता. टॅबवर काढलेले देवमासे ती कळंबच्या हॉलमध्ये दाखवणार होती. समुद्रात ते आता थोडेच उरलेत, किती देखणे आहेत ते लोकांनी बघावं, असं तिचं म्हणणं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पुढच्याच खुर्चीवर बसला होता. लोकांना आवडलं तर तुला पुण्याला चित्रकला शिकायला पाठवतो, नाहीतर हे खूळ बंद, असं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं.

मी चौथी शिकलेली. समुद्र पाहिलेला नाही. नात ओट्यावर बसून चित्रं काढायची आणि मी शेंगा फोडत बघायची. जनावर देखणं होतं, पण उघडं. मी म्हटलं, कौतुक करायचं तर अंगावर काही घाल की. भादवी पोळ्याला आम्ही बैल असा बोडका बाहेर काढत नाही. तिनं हसून पेन माझ्या हातात दिलं. काचेवर रेघ उमटते म्हटल्यावर मला चेव आला. झूल, आरसे, शेपटीला गोंडे, काही सोडलं नाही. तिला ते इतकं आवडलं की हेच पहिलं लावू म्हणाली. मी नको म्हटलं नाही. उलट बरं वाटलं.

हसणं थांबेना. मुलानं मागं वळून विचारलं, "कुणी काढलंय हे?"

नातीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मी," ती म्हणाली.

मी बोलायला हवं होतं. म्हातारीचा उद्योग म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण शेजारी भावकीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी माझ्या चपलांकडं बघत राहिले. मुलगा उठून बाहेर गेला. पुढचे देवमासे तिचे एकटीचे होते, चांगले होते. ते कोणी धड पाहिलेच नाहीत.

एसटीत मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते त्याला.

"ऱ्हाऊ दे आजी," ती म्हणाली. "मग तुला हसतील."

मी राहू दिलं.

आता ती आळेफाट्याला फ्लेक्सच्या दुकानात जाते. वाढदिवसाचे बोर्ड करते, पोळ्याला बैलांचे करते. टॅब कपाटावर पडून आहे. मुलाला अजून ठाऊक नाही.

त्या हॉलमध्ये मला काही झालं नाही. झालं ते नातीला.