उशी काढा, मग बेल्ट लावतो : कराडहून कोल्हापूरला रोल केजसाठी

आमचे हे चिखलात पाच वेळा गाडीसकट उलटले आणि पाचही वेळा हसत बाहेर आले. गेले ते घरी, सोफ्यावर, क्रिकेट बघताना. हार्ट अटॅक. त्यामुळे गाडीला दोष देता येईना.

वर्षश्राद्ध झालं आणि मुलगी मधुरा म्हणाली, "आई, या पावसाळ्यात मी उतरणार." म्हणजे ऑफ-रोडच्या स्पर्धेत, बाबांची फोर-बाय-फोर पिकअप घेऊन. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मला ओरडता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "आधी पिंजरा, मग चिखल."

पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस चेपू नये म्हणून बसवतात तो रोल केज, होता तसा. चकचकीत पाइपचा, यांनी हौसेनं लावून घेतलेला. त्याच्यासोबत फोटो भरपूर आहेत.

पिकअप आता फक्त स्पर्धेपुरती आहे, रस्त्यावर काढत नाही. म्हणून ती ट्रकवर चढवली आणि आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसलो. कराड ते कोल्हापूर हायवेनं दीड-दोन तास. रस्त्याचं काम चालू असेल तर देवाच्या मनात येईल तेवढे.

"गाडी बंद पडली व्हय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गाडी चालू आहे," मधुरा म्हणाली. "मालक बंद पडले."

बिचाऱ्यानं गाणी बंद केली ती थेट किणी टोलनाक्यापर्यंत.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली. कट जपून घ्या, डोळ्यांतून पाणी येतं. मला ते सोयीचं पडलं. मग उद्यमनगर. इथं एका गल्लीत पंप होतो, दुसरीत गिअर. केज बनवणारे विलास मिस्त्री मूळचे मुरगूडचे. त्यांनी आमच्या पाइपवर पाना वाजवला.

"वैनी, ह्येच्यावर टॉवेल वाळत घालता व्हय?"

"केज आहे तो."

"शोभंचा हाय. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारल्यात. गाडी उलटली की पत्रा फाटून पाइप आत यील. मालक वाचलं कसं?"

"वाचले नाहीत," मी म्हटलं. "पण ते वेगळं."

हे लिहिण्याचं कारण तेच. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गाडीत असा शोभेचा पिंजरा असेल तर खाली वाकून बघा. पाइप चॅसिसला जाड प्लेटनं धरलेला हवा, पत्र्याला नाही.

मिस्त्रींचा नियम, आधी माणूस, मग पाइप. चालवणारा हेल्मेट घालून सीटवर बसल्याशिवाय ते पाइप वाकवत नाहीत. मधुरा चढली आणि सवयीनं पाठीमागं उशी ठेवली.

"उशी कशाला?"

"क्लचला पाय पुरत नाही."

"मग शीट फुडं घ्या की!"

हे सहा फूट होते. सीट त्यांनी शेवटची जिथं लावली तिथंच होती. वर्षभर आम्ही गाडी अंगणात पुढं-मागं केली ती उशी लावून. शेवटी मी हे मिस्त्रींना सांगितलं.

ते पाना पुसत म्हणाले, "वैनी, उशी दबती. उशी दबली की पट्टा ढिला. उलट्या गाडीत पोरगी पट्ट्यातनं सरकून डोस्क्यावर यील. वर गेलेल्या माणसाच्या मापानं मी पट्टा लावत न्हाय. तेन्ला गरज न्हाय."

मधुरा माझ्याकडे बघेना. मी खाली वाकले आणि लिव्हर ओढला. गंजलेला. मिस्त्रींनी तेल सोडलं, हातोडीचा एक ठोका दिला. मी पुन्हा ओढला आणि सीट खाडकन पुढे आली.

खाली कंदी पेढ्यांचे कागद. एकवीस. शुगर टेन्शनमुळे वाढते, असं हे डॉक्टरांना सांगायचे.

"चोर!" मधुरा म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मीही. मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेले.

"मला वाटायचं, सीट हलवलेली तुला चालणार नाही," ती म्हणाली.

"मला वाटायचं, तुला."

मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर, दोन रात्री. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा. हे असते तर तिसऱ्या वाटीनंतर माझी वाटी ओढून घेतली असती. मी पहिल्यांदाच पोटभर पांढरा प्यायले.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंग. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडल्या, सीट बाहेर काढल्या. नवा पाइप बिनजोडाचा, वेल्डिंग पाइपच्या सगळ्या बाजूंनी. डोक्याजवळच्या पाइपला कडक फोम, तरी हेल्मेट हवंच. तिसऱ्या दिवशी सीट बसवली. सीट सरकायचे रूळ झिजून हलत होते, ते मिस्त्रींनी टाकून दिले आणि सीट मधुराच्या मापानं पक्की बोल्ट केली. आता ती मागे जाणार नाही. शेवटचा बोल्ट आवळताना मी शेजारच्या लेथकडे बघत होते.

पट्ट्यांचं एवढं लक्षात ठेवा. खांद्याचे पट्टे मागच्या आडव्या पाइपला जवळजवळ सरळ रेषेत जायला हवेत. खाली गाडीच्या तळाला बांधले तर झटक्यात मणका दाबला जातो. कमरेचा पट्टा हाडावर, पोटावर नाही. मिस्त्रींनी पट्टे आवळून मधुराला हलवून बघितलं. ती हलली नाही, तिनं फक्त शिव्या दिल्या.

"आता वैनी बसा. दुसऱ्या शीटचं माप."

"मी नाही जाणार स्पर्धेत."

"बसा तर."

मी बसले. दोन्ही सीटचे पट्टे लागले.

घरी येऊन आठवडा झाला. गाडी अंगणात आहे. मधुरा रोज हेल्मेट घालून आत बसते आणि शेजाऱ्यांना घाबरवते. उशीचं काय करायचं कळेना, म्हणून मी ती सोफ्यावर ठेवली, त्यांच्या कोपऱ्यात. त्या जागी वर्षभर कुणी बसत नव्हतं, पाहुणेसुद्धा वळसा घालायचे. आता संध्याकाळी मी बसते. उशी पाठीला बरी लागते.

क्रिकेट मात्र लावत नाही. उगाच कशाला?