मालकाची दुसरी किल्ली

आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी भाड्याने राहतात. बोलणं मऊ, पण कुणी वाटेला गेलं तर विसरणाऱ्या नव्हेत. त्या बाहेर गेल्या की घरमालक आपल्या किल्लीने खोली उघडून बघायचा. कपाटातल्या घड्या विस्कटलेल्या असायच्या. जाब विचारला तर म्हणाला, "घर माझं आहे. कधीही येईन."

"या की," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाच्या सासूबाईंना मापाला बोलावलं. टाचण्या लावलेला गाऊन अंगावर चढवून दिला, "हलू नका, दोरा घेऊन येते," म्हणाल्या, बाहेरून कुलूप लावलं आणि मालकाच्या दारावरून मिरवत माझ्याकडे आल्या.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"थांबा, आधी ऐकू द्या."

भिंतीपलीकडे कुलूप उघडलं. मग सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, बाईमाणसाच्या खोलीत न विचारता शिरता?"

"ते… गळती बघायला आलो."

"गळतीचं मी बघते. किल्ली इकडे द्या."

मावशींनी चहा दोनदा मागून घेतला.

मालक आता दार वाजवतो. मावशी हातातली टीप संपवतात आणि दुसरी धरतात.