साहेबाच्या पणजोबांचा न्याय

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., सेकंड क्लास. आजही कोणालाही सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कतारला, दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत क्लार्क म्हणून लागलो तो त्याच जोरावर.

आमचा मॅनेजर अमेरिकन. त्याचे पणजोबा शंभरेक वर्षांपूर्वी तिकडच्या एका लहान गावात वकील होते. मग विधिमंडळात निवडून गेले, शेवटी न्यायाधीश झाले. साहेबाने त्यांचं चरित्र हाताने लिहून काढलं होतं, ते मला टाइप करायला दिलं. शेतात राबून, उसनी पुस्तकं वाचून शिकलेला माणूस. मला तो आपलाच वाटायला लागला. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाचा दावा कोर्टात आला. तो त्यांनी दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवला, आणि भावाने गयावया केली तरी तारीख एक दिवसही अलीकडे आणू दिली नाही. ते पान मी खोलीवर सगळ्यांना मराठीत सांगितलं. दोह्याच्या मुशैरिब भागात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो.

त्यांत दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कंपनीचा ट्रक चालवायचे. त्याच आठवड्यात त्यांना तार आली: आई सीरियस, लगेच निघा. अशा तारा कोणाला ना कोणाला यायच्याच. सुट्टीसाठी माणसं गावाहून खोट्या तारा मुद्दाम मागवून घ्यायची, म्हणून ऑफिसात त्यांवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. सुट्टीचे अर्ज आले त्या क्रमाने साहेबापुढे ठेवायचं काम माझं. दाजींच्या आधी बरेच होते.

"माझा वर ठेव की," दाजी म्हणाले. "मेव्हणा ऑफिसात असून उपयोग काय?"

"नंबर लागला की जाईल, दाजी. ऑफिसात नातं चालत नाही."

"खरी तार आहे रे."

"सगळे तेच म्हणतात."

पलीकडच्या खाटेवरून एक जण म्हणाला, "दाजी, हे जज्जसाहेब आहेत. बाप आला तरी म्हणतील, बाहेर बाकावर बसा." सगळे हसले. दाजीही हसले.

नवव्या दिवशी दुसरी तार आली. म्हातारी गेली होती, अग्नी धाकट्या भावाने दिला होता. मी अर्ज त्याच तासाला साहेबापुढे ठेवला. त्याने सही केली, "सॉरी" म्हणाला आणि चरित्राचा पुढचा भाग माझ्या हातात दिला. पण देश सोडायला कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या मालकाची, सही लागायची. तो परदेशी गेलेला. दाजी दहाव्यालाही पोचणार नव्हते.

दुपारभर मी टाइप करत बसलो. बोटं चालत होती.

संध्याकाळी दाजी कोरा कागद घेऊन आले. "तार लिहून दे. दहावं धाकट्यानंच करावं. थोरला येत नाही म्हणावं."

मी लिहिली.

"इंग्रजी बरोबर आहे ना?"

"आहे."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मी चप्पल घालायला लागलो.

"तू कशाला? जेवून घे," म्हणाले, आणि पोस्टाकडे निघाले.

मी जेवलो.