डबा खाली ठेवायला लावणाऱ्या शेवतेसिस्टर

गौरवसमितीच्या सर्व मंडळींना बुरूड आळीतून दत्तोबाचा नमस्कार.

आधी तब्येती. संपादक कुलकर्णीसर, आपला उजवा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कठड्याशी बोलता का? अध्यक्ष नानासाहेब, रक्तदाब आटोक्यात आहे ना? मागच्या बैठकीत हॉल कुठला घ्यायचा यावरून आवाज चढला, तेव्हा तुमच्या कपाळावरची शीर मला शेवटच्या खुर्चीवरून दिसत होती. खजिनदार शिंदेवहिनी, साखर किती हे विचारत नाही. संक्रांतीचा तीळगूळ तुम्ही रुमालात बांधून घेतलात, तोंडात टाकला नाहीत, त्यावरून काय ते समजलं. माझं म्हणाल, तर कंबर टोपलीच्या कामटीसारखी वाकली आहे, मोडलेली नाही.

श्रीमती मंदाकिनी शेवते, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या शेवतेसिस्टर, पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी चार गोड शब्द लिहा असं आपण कळवलंत. गोडच लिहायला बसलो होतो. पण परवा समितीचं परिपत्रक हातात पडलं आणि तोंड कडू झालं. तेव्हा जे लिहितो आहे ते गोड मानून घ्या.

सिस्टरांची पहिली ओळख आमच्या थोरल्या मुलीच्या तापामुळे झाली. कसबा पेठेतल्या महापालिकेच्या दवाखान्यात त्या नुकत्याच बदलून आल्या होत्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं जे काय शिकलो ते रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर. साहेबापुढे, डॉक्टरापुढे वाकायचं एवढं मात्र न शिकवता येत होतं. मुलीला खांद्यावर टाकून मी दारात उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, ‘‘बाई, गरिबाकडे जरा बघा.’’

सिस्टरांनी वर पाहिलं. ‘‘हात सोडा आधी. पोरगी पडेल. हात जोडायचे ते देवळात. इथे केसपेपर काढायचा आणि बाकावर बसायचं.’’

मला राग आला. बाई तुसडी वाटली. पण नंबर आला तेव्हा त्याच बाईंनी मुलीच्या कपाळावर पट्टी ठेवली, डॉक्टरांना दोनदा तपासायला लावलं आणि संध्याकाळी घरी जाताना आमच्या सुपं-टोपल्यांच्या दुकानात डोकावून ताप उतरला का ते विचारलं. मी पुन्हा उपकार वगैरे म्हणायला लागलो, तर म्हणाल्या, ‘‘उपकार कसले? तुम्ही पैसे भरलेत की.’’ मी म्हटलं, मी कुठे भरले? तर म्हणाल्या, खोलीचं भाडं देता, त्यातून मालक घरपट्टी भरतो; काडेपेटी घेता, त्यातही कर आहे. आगाऊ भरलेल्या पैशाचं औषध घेताना मान कशाला खाली घालायची?

हा विचार माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरला आणि पाचरीसारखा बसला. आजार कुणी हौसेनं आणत नाही. सुपातले हसतात, जात्यातले रडतात म्हणतात. पण सूप आणि जातं यांत अंतर केवढं असतं, हे सुपं विणणाऱ्याला विचारा. म्हणून धडधाकट असताना सगळ्यांनी भरायचं आणि पडेल त्याला उचलायचं. सिस्टरांच्या सगळ्या नोकरीचं सार एवढंच.

त्यांची एक रीत पेठेत गाजली होती. दवाखान्याची पायरी चढला तो रांगेत. एकदा आमच्या चौकातले भांड्यांचे मोठे व्यापारी कुत्रा चावला म्हणून इंजेक्शनला आले. त्यांनी सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, आम्हाला आधी सोडा, रुग्णांसाठी दोन बाक देणगी देतो, वर नाव घालू. सिस्टर म्हणाल्या, ‘‘बाक महापालिका देईल. आपण आहे त्यावर बसा.’’ शेठ बसले. एका बाजूला हमाल, दुसऱ्या बाजूला भाजीवाली, मध्ये शेठ, धोतर आवरून. इंजेक्शनं बरीच होती, त्यामुळे येणंही बरंच झालं. छपरातून गळणारं पाणी एकदा त्यांच्या टोपीवर पडलं आणि आठवड्याच्या आत पत्रे बदलले गेले. आम्ही बाकीचे वर्षानुवर्षं तेच पाणी डोक्यावर घेत होतो. सिस्टर हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘‘नुसत्या गरिबांसाठी ठेवलेला दवाखाना गरीबच राहतो, दत्तोबा.’’

आता महादूची गोष्ट.

महादू आमच्या आळीतला, मंडईत हमाली करायचा. साखरेचा आजार, पायाला खिळा लागला, जखम चिघळली. दवाखान्यानं मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. जे जवळ होतं त्याच्या दारावर धर्मादाय म्हणून पाटी. जमीन सवलतीत मिळालेली, कर माफ, आणि त्या बदल्यात काही खाटा गरिबांना देण्याचं बंधन. खिडकीवर सांगितलं, अनामत भरा, मग भरती. आमच्या मंडळाच्या पोरांनी लगेच डबा काढला. आपली रीतच आहे ती. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं दुखणाईताचीही मागतात, आणि पेठ नाही म्हणत नाही.

सिस्टर तेव्हा निवृत्त होऊन बिबवेवाडीला राहायला गेल्या होत्या. निरोप मिळताच बसनं आल्या. चौकात पोरं डबा खुळखुळवत होती. ‘‘डबा खाली ठेवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर्गणी गणपतीला. इस्पितळाला नाही.’’

मग त्या मला आणि महादूच्या बायकोला घेऊन खिडकीशी गेल्या. आतला तरुण सभ्य होता. म्हणाला, आजी, मदत हवी असेल तर देणगीदारांचे पत्ते देतो. सिस्टर म्हणाल्या, ‘‘मदत नको. ज्या बोलीवर जमीन घेतलीत ती बोली पाळा.’’ त्यानं वर पाठवलं, वरच्यानं आणखी वर. खाटा भरल्यात, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. सिस्टर काचेच्या दाराशी बसून राहिल्या. दुपारी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी तिथंच खाल्ली. गुळगुळीत फरशीवर चटणी सांडली तेव्हा मात्र साहेबांना ताबडतोब वेळ मिळाला. खाटही निघाली.

पण दिवस कलला होता. महादूचा पाय घोट्यापासून काढावा लागला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर भला होता, खोटं बोलला नाही. सकाळीच आणला असता तर कदाचित वाचला असता, म्हणाला. सकाळी आणला होता, हो. दारातच होता.

परतताना मी सिस्टरांवरच उखडलो. म्हणालो, डबा फिरू दिला असता तर दुपारच्या आत भरती झाला असता.

त्या म्हणाल्या, ‘‘झाला असता. ते ओझं माझं आहे, दत्तोबा, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्या आळीला डबाच नाही, त्यानं काय करायचं?’’

आज मला एवढं कळतं. पायाचा हिशोब सिस्टरांकडे मागायचा नाही, त्या खिडकीकडे मागायचा. पुढे कित्येक महिने सिस्टर बिबवेवाडीहून येऊन महादूची जखम धूत होत्या. त्याच्या बायकोनं चहा दिला तर घ्यायच्या, पाया पडायला आली तर रागवायच्या. महादू आज मंडईच्या कोपऱ्यावर बसून लिंबं विकतो. त्या इस्पितळानं त्याच वर्षी समाजसेवेच्या जाहिरातीत गरिबांचे हसरे फोटो छापले. आमच्या महादूचा नव्हता.

आणि आता समितीचं परिपत्रक. सत्कारात सिस्टरांना थैली द्यायची. त्या घेणार नाहीत हे ठाऊक, म्हणून तिचा ‘शेवतेसिस्टर रुग्णसहाय्य निधी’ करायचा, आणि कर्वेनगरच्या एका खासगी रुग्णालयाकडे वाटपाला सोपवायचा. अहो, ज्या बाईंनी जन्मभर डबा खाली ठेवायला लावला, त्यांच्याच नावाचा डबा फिरवता? इकडे आपला कसब्याचा दवाखाना एक दिवसाआड उघडतो. डॉक्टरची जागा रिकामी, औषधांच्या कपाटात कोळ्याची जाळी, आणि ‘रुग्ण येत नाहीत’ हे कारण दाखवून तो बंद करायचं घाटतं आहे. रुग्ण येत नाहीत कारण डॉक्टर नाही, आणि डॉक्टर नाही कारण रुग्ण येत नाहीत. आपण सगळे विम्याचं कार्ड खिशात घालून दुसरीकडे गेलो, आणि मागे राहिलेल्यांसाठी आता निधी काढतो. याला औदार्य म्हणायची माझी तयारी नाही.

मी बिबवेवाडीला जाऊन सिस्टरांना विचारलं, आपल्याला काय हवं? त्या रक्तदाबाची गोळी घ्यायला अजून कसब्याच्याच दवाखान्यात येतात, रांगेत बसतात. म्हणाल्या, ‘‘सत्कार करायचाच असेल तर सकाळी करा, केसपेपर काढायच्या वेळेला.’’

म्हणून ही विनंती. हॉल सोडा, थैली सोडा. सत्काराची सभा दवाखान्याच्या पटांगणात भरवा. सुरुवातीला तब्येती विचारल्या त्या याचसाठी. सर, गुडघा दाखवा. नानासाहेब, रक्तदाब मोजून घ्या. वहिनी, साखर तपासा. समितीत धडधाकट माणूस एकही नाही, ही देवाची कृपाच समजा. प्रत्येकानं केसपेपर काढायचा आणि बाकावर बसायचं. डॉक्टर नसेल तर येईपर्यंत बसायचं. डबे बरोबर आणा, जेवणाचे. चटणी मी आणतो. निमंत्रणात महापालिकेच्या अधिकाऱ्यांचं नाव सगळ्यात वर घाला.

सिस्टरांना उदंड आयुष्य लाभो, हात असेच खंबीर आणि जीभ अशीच तिखट राहो. शंभरीच्या दिवशीही गोळी त्यांना त्याच खिडकीतून मिळो, आणि ती देणारं कुणीतरी आत असो.

हॉलवाल्याला नकार कळवलात की मला दोन ओळी लिहा. लवकर लिहा. पेठेतल्या मंडळींना सकाळी रिकाम्या पोटी यायचं की खाऊन, हे आधी सांगावं लागेल.

आपला,
दत्तोबा
बुरूड आळी, कसबा पेठ