चार खाटा

शेजारच्या खाटेवरच्या मुलीला सलाईन लावलेलं होतं आणि तिची आई तिच्या दोन घट्ट वेण्या घालत होती, जणू आता शाळेलाच निघायचंय. मला म्हणाली, "हिनं चुकून विषारी औषध घेतलं हो, भाऊ. तुमच्या पोरीनं?"

"चुकूनच."

डॉक्टरीणबाईंशी हुज्जत घालून कागदावर मी हाच शब्द लिहून घेतला होता. कांद्याच्या भावात मी कधी हरलो नाही, इथंही जिंकलो. "घरी ती कुणाशी बोलते?" असं त्यांनी विचारलं, त्याचा राग मात्र अजून धुमसतोय. काय कमी केलं मी पोरीला?

वॉर्डात चार खाटांवर चार शाळकरी मुलं, आणि चौघांचंही चुकून. गोठ्यातली चार जनावरं एका आठवड्यात अशी आडवी झाली असती, तर आम्ही तालुका डोक्यावर घेतला असता. मुलांच्या वेळी आम्हीच आवाज खाली आणतो.

वेण्यांकडे बघत माझी लेक हळूच म्हणाली, "बाबा, चुकून नव्हतं."

"मग काय झालं? सांग ना."

तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी चिडतोय का ते.