गार पेटी घेऊन कवठे महांकाळला

साताऱ्याहून आम्ही सकाळी सातला निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी शैला आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली एक निळी पेटी. ही पेटी म्हणजे गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा फ्रिज. तंबू घेऊन माळरानं भटकायचा मला सतरा वर्षांचा नाद आहे आणि त्या सतरा वर्षांत शैला एकदाही बरोबर आली नव्हती. कारण तिचं इन्सुलिन. ते गार ठेवावं लागतं, माळावर फ्रिज कुठला, म्हणून बिचारीला नेता येत नाही, असं मी भेटेल त्याला हळहळून सांगत असे. यंदा हळहळ पुरे करून पेटी घ्यायची ठरवली.

पेटी पसंत करणं हे जावई पसंत करण्याहून अवघड. तीन आठवडे मी मोबाइलवर परदेशी माणसं बर्फात बसून पेट्यांची तुलना करताना पाहिली. बर्फात बसलेल्या माणसाला गार पेटी कशाला लागते, ते मात्र कुणी सांगितलं नाही. शेवटी दुकानदाराने दोनच प्रकार पुढे ठेवले: पंख्यावर चालणारी हलकी पेटी आणि कॉम्प्रेसरची जड. "बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी गार ठेवते," पंख्याच्या पेटीवर थाप मारत तो म्हणाला. मला तिचा निळा रंग आवडला होता. एप्रिलमध्ये कवठे महांकाळला पारा चाळीस ओलांडतो आणि चाळिसातून वीस गेले की वीसच उरतात, ही वजाबाकी दुसरीच्या पुस्तकातली असल्यामुळे माझ्यासारख्या पदवीधराला आठवली नाही.

पहिला थांबा रहिमतपूर, शैलाचं माहेर. तिच्या काकींकडे फक्त चहा घ्यायचा ठरलं होतं. काकींकडून फक्त चहा घेऊन आजवर कुणी सुटलेलं नाही. भरपेट जेवून हात धुऊन येतो तो गाडीतली पेटी ओट्यावर, झाकण उघडं, आणि काकी तव्यावरच्या पुरणपोळ्यांची चळत तिच्यात रचताहेत. शेजारी कटाच्या आमटीचा वाफाळता डबा वाट बघत होता.

"काकी, अहो ती गार ठेवायची पेटी आहे!"

"आवं जावईबापू, लेकीची पेटी माहेरातनं रिकामी जाती व्हय कवा? लोकं काय म्हणत्याल?"

"पण आत औषध आहे हो!"

"हाय की. पोळ्यांच्या मधी ठिवलंय. हादरा बसाय नगं त्याला."

जावयाने अन्नाला नाही म्हणायचं नसतं. मी पेटी उचलली. शैलाने औषधाचा डबा पोळ्यांतून काढला आणि पर्समध्ये टाकला.

पुढे उसाच्या मळ्यांतून रस्ता निवांत होता. आष्ट्याला थांबून पेटीवरचा आकडा पाहिला. त्रेचाळीस! बाहेर एकोणचाळीस होतं. उन्हापेक्षा गरम फ्रिज बाळगणारा जिल्ह्यातला पहिला माणूस मीच असेन. समोर विजेच्या सामानाचं दुकान होतं. मालक आप्पा वयस्कर आणि शांत. त्यांनी पेटी उघडली, पोळ्या पाहिल्या, झाकण लावलं.

"पंख्याची पेटी गार हाय ते गार ठिवती. गरमाचं गार करायचं काम तिच्या बापाच्यानं हुणार न्हाई. कॉम्प्रेसरची न्या. पर गाडी बंद करून हिला लावू नगा, बॅटरी खाती."

शैला झाडाखाली पोळी खात उभी होती. "घ्या दुसरी पण," ती म्हणाली. "पहिलीला एकटं वाटत असेल."

मी दुसरी घेतली. आप्पांचं शेवटचं वाक्य तेवढं दुकानातच राहिलं.

कवठे महांकाळच्या पुढे द्राक्षबागा संपल्या आणि उघडा माळ लागला. काळे दगड, वाळलेलं गवत आणि मधेच एक पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरावं म्हणून बांधलेला), त्याच्या तळाला चतकोरभर पाणी. ती जमीन माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांची. बाभळीखाली तंबू ठोकला, नवी पेटी गाडीला जोडली. दुपारभर ती घुर्रर्र करत राहिली, आकडा चारवर आला, औषध आत गेलं आणि मी धन्य झालो. दिवस मावळताना पेटी गप्प झाली. किल्ली फिरवली तर गाडीही गप्प.

"बॅटरी खलास, सायेब," विचारपूस करायला आलेले सुभेदार म्हणाले. "सकाळी ट्रॅक्टर लावू. नो टेन्शन."

"टेन्शन कसं नाही? हिचं औषध नासेल!" मला खरंच घाम फुटला होता.

सुभेदारांच्या पत्नी, मी त्यांना वहिनी म्हणतो, भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कसलं औषद? शुगरचं? मला बी हाय की धा वर्सं." त्यांनी जवळच्या आपल्या खोपीतून (गवताच्या झोपडीतून) ओलं फडकं गुंडाळलेलं एक कोरडं मडकं आणलं. आत शैलाकडे असतं तसंच इन्सुलिन टोचायचं पेन होतं. "डाक्टर म्हनला, चालू पेनाला फ्रिज नगं. उनात तापू द्यायचं न्हाई, बास. मी सुगीत, मशागतीला चार-चार दिस वरच्या रानात असती. तितं लाइट बी न्हाई." मग शैलाकडे वळून म्हणाल्या, "तुमी आजवर का आला न्हाई वो?"

शैलाने शांतपणे पेन हातात घेतलं. "ह्यांना मनासारखी पेटी मिळत नव्हती, वहिनी."

सुभेदार बाभळीकडे बघू लागले. मी भाकरीकडे.

"तुला माहीत होतं?" मी नंतर विचारलं.

"पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तुम्ही लोकांना इतकं मन लावून कारण सांगत होतात, मोडवेना."

सकाळी ट्रॅक्टरच्या बॅटरीने गाडी जिवंत केली आणि आम्ही परत निघालो. प्रवासाने माणूस शिकतो म्हणतात. मी एवढंच शिकलो की मला एकट्याने जायला आवडत होतं, आणि तसं कबूल करण्यापेक्षा तिच्या आजाराला पुढे करणं सोपं होतं. मला स्वतःची लाज वाटली. सातारा जवळ आल्यावर तसं तिला सांगितलं, आणि म्हणालो, "यापुढे प्रत्येक वेळी आपण दोघं जायचं."



"पुढच्या महिन्यात मी वहिनींबरोबर वरच्या रानात जाणार आहे. चार दिवस. ठरलंय आमचं," ती म्हणाली. "तुम्हाला नेता येणार नाही. तुम्हाला गार पाणी लागतं ना, तिथे फ्रिज कुठला!"