पाडव्याचा निंब आणि गोवराचा

जऊळक्याला छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीतून उतरलो तेव्हा माझ्या काखेत वळकटी होती, बायकोच्या हातात फिरकीचा तांब्या आणि आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या, मिनीच्या गळ्यात अकोल्याला घेतलेली साखरेची गाठी. पाडव्याचा दिवस. धाकट्या बहिणीने, सुमनने, बैलगाडी पाठवली होती. दोन्हीकडे काळी उघडी रानं, कडब्याच्या गंज्या आणि सकाळीच पेटलेलं ऊन.

गावात दारोदारी निंब (कडुलिंब) बांधलेला. सुमनच्या दारावर तर सगळ्यांहून जास्त. बघ, वऱ्हाडात सण कसा भरघोस करतात, असं मी बायकोला ऐटीत सांगितलं. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याची ही खोडच. दिसलं की अर्थ लावून मोकळा. दारात गुढी नव्हती, घरातून फोडणीचा वास नव्हता, ते काही या शहाण्याला दिसलं नाही.

सुमनच्या सासूबाई परसातून लगबगीने आल्या.

"भाऊ, दारावरचा निंब दिसला नाही का तुमाले? बंडूच्या अंगावर माय (गोवराची देवी) आली हाये."

तोवर मिनी आत पोचली होती. सुमनच्या तीन वर्षांच्या मुलाच्या, बंडूच्या अंथरुणात बसून दोघं एकच गाठी आळीपाळीने चाटत होते.

माय घरात असली की फोडणी नाही, औषध नाही, पाहुणा नाही. सुमनचे यजमान कामासाठी कारंज्याला गेलेले. बंडूची छाती भात्यासारखी हलत होती, बरगड्यांखाली खड्डे पडत होते. शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात नेऊ या, असं मी चाचरत सुचवलं.

"कायले? मायले गाडीत घालून हिंडवता का?"

सासूबाई उसळल्या. त्यांना उत्तर दिलं ते सुमनने, आणि तेही हळूच. "आत्याबाई, मायचं सारं मी करून राह्यली. पण दम पोराले लागला हाये."

म्हातारी बराच वेळ नातवाच्या छातीकडे पाहत राहिली. मग उठून तिने स्वतःच गाडीत गोधडी अंथरली, हात जोडून "माय, तू बी चाल संगं" म्हणाली आणि बंडूला मांडीवर घेऊन बसली.

आम्ही सगळेच शिरपूरला पोचलो. डॉक्टरांनी घड्याळ लावून श्वास मोजले. गोवर छातीत उतरला होता. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बंडूला ठेवून घेतलं. मग मिनीकडे बोट केलं. मी तिची बाही वर सारून देवीच्या लशीचा वण दाखवला, जणू किल्ल्याचा बुरूज.

"ती देवीची. गोवराची लस अजून आपल्याकडे येत नाही. हिलाही आठ-दहा दिवसांत गोवर येण्याचा संभव आहे. निघायचं तर लगेच निघा, नंतर हिला गाडीत बसवू नका. पुरळ कानामागून सुरू होतं, पण त्याची वाट बघू नका. ताप, खोकला, लाल डोळे दिसले की समजा. आणि घरी गेल्यापासून दुसरी मुलं तिच्याजवळ नकोत, पुरळाआधीच लागण होते."

दुसऱ्या दिवशी बंडूने भाकर मागितली. सासूबाई म्हणाल्या, मायने आयकलं. डॉक्टर हसले, पुढचं इंजेक्शन भरू लागले.

परतीच्या प्रवासाचं वर्णन माझ्याकडे नाही. नाशिकला घरी पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. मिनीच्या कानामागे पाहत होतो. बायको म्हणाली, एवढं निरखून तुम्ही मला लग्नातही पाहिलं नव्हतं.

मिनीला खेळायला शेजारचं रांगतं बाळ रोज लागायचं. आल्या दिवसापासून मी त्याला दारातूनच परत पाठवलं. मिनी ठणठणीत उड्या मारत होती, त्यामुळे शेजारीणबाईंना तो चक्क अपमान वाटला. पुढे मिनीचे डोळे लाल झाले. पुरळ उठण्याआधीच आम्ही डॉक्टरांना घरी बोलावलं. रात्रंदिवस श्वास मोजले, आणि गोवर छातीत न उतरता ओसरला.

शेजारीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाळ मात्र ठणठणीत, गॅलरीभर रांगत असतं, आणि मी पेपर बाजूला ठेवून त्याच्याकडे बघत बसतो.